अडीच लाख किलोमीटर पळालेली डिझेल डिझायर: कशावर खर्च करायचा, कशावर नाही

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा आणि घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पहिले तीन-चार सेकंद फक्त ऐकायचं. डिझेल इंजिनाची नेहमीची टकटक वेगळी आणि पत्र्याच्या डब्यात साखळी हलवल्यासारखा खळखळाट वेगळा. तो खळखळाट दोन-तीन सेकंदांत थांबत असेल तर टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्ह इंजिनाच्या तालात उघडणाऱ्या साखळीचा, टेन्शनर ऑइलची वाट बघतोय. थांबतच नसेल, इंजिन तापल्यावरही बारीक चालू राहत असेल, तर गाडी घाटात नेऊ नका. आधी चेन.

मारुतीच्या स्विफ्ट डिझायरमधलं १.३ लिटर डीडीआयएस इंजिन म्हणजे मूळचं फियाटचं मल्टिजेट, १,२४८ सीसीचं. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं, फियाट आणि टाटांच्या गाड्यांसाठी आपल्या रांजणगावला. लिनिया, पुंटो, व्हिस्टा, मांझा, रिट्झ, एर्टिगा, सियाझ अशा सगळ्यांत हेच, त्यामुळे गॅरेजवाले त्याला गमतीनं राष्ट्रीय इंजिन म्हणतात. डिझायर मार्च २००८ मध्ये आली, २०१२ मध्ये डिकी आखूड करून चार मीटरच्या आत बसवली गेली, २०१७ मध्ये तिसरी पिढी आली आणि एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू होताना डिझेल बंद झालं. नवी मिळणार नाही, म्हणून आहे ती नीट चालवायची असं ठरवणारी घरं बरीच आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. यात टर्बो, इंजेक्टर वगैरेंबद्दल जे आहे ते प्रामुख्यानं ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाबद्दल. एर्टिगा-सियाझमधल्या ९० वाल्याचा टर्बो वेगळ्या जातीचा असतो.

या गाडीची मोठी दुखणी दोन वाटांनी येतात. एक, उशिरा बदललेलं ऑइल. दोन, निदान न करता एकामागून एक बदललेले पार्ट. दुसऱ्या वाटेनं इंजिन मरत नाही, पण मालक कंटाळून गाडी विकतो.

ऑइल

इंजिनात फिल्टरसकट साधारण सव्वातीन लिटर ऑइल बसतं. आकडा पाठ करण्यापेक्षा तीन लिटर ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघून वरचं भरा. ग्रेड ५डब्ल्यू-३०. गाडी जुनी झाली म्हणून २०डब्ल्यू-५० ओतायचा सल्ला हमखास मिळतो, तो इथे ऐकू नका. हे ऑइल फक्त वंगण नाही, चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि व्हॉल्व्हचे हायड्रॉलिक लिफ्टर त्याच्याच दाबावर चालतात. जाड ऑइल थंडीत तिथे उशिरा पोचतं आणि सकाळचा खळखळाट तेवढा लांबतो.

मॅन्युअल १०,००० किलोमीटर म्हणतं. दोन लाखांपुढच्या गाडीला ७,५०० किंवा वर्ष, जे आधी होईल ते. शहरातच चालणारी, रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणारी गाडी असेल तर त्याहूनही लवकर, कारण ती कधी पूर्ण तापतच नाही आणि काजळी ऑइलमध्ये साठत राहते. ऑइल बदलल्यावर आठवड्यात काळं होतं, ही तक्रार नाही. डिझेलचं ऑइल काळं होतंच. बोटांत चोळल्यावर ते डांबरासारखं घट्ट लागतंय का, हे बघायचं.

फिल्टर कागदी कार्ट्रिजचा आहे, प्लास्टिकच्या झाकणात बसतो. झाकणाची रबरी रिंग प्रत्येक वेळी नवी घालायची. ती फिल्टरच्या खोक्यात येते आणि बऱ्याचदा खोक्यातच राहते. झाकण पान्यानं रेटून आवळलं की पुढच्या वेळी कडा तुटतात. फिल्टरच्या घराला लागूनच ऑइल कूलर आहे. तिथलं पॅकिंग म्हातारं झालं की इंजिनाच्या मागच्या अंगाला ऑइल उतरतं आणि चेंबरचं, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीचं, पॅकिंग गेलं असं निदान होतं. चेंबर उतरवायच्या आधी इंजिन धुऊन, कोरडं करून, वीस मिनिटं चालवून टॉर्चनं वरून खाली बघत या. गळती नेहमी दिसते त्याच्या वर असते.

इंजिन फ्लश नावाची बाटली या वयाच्या गाडीला घालू नका. वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ एकदम सुटतो आणि चेंबरमधल्या ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतो. गाळ काढायचाच असेल तर दोन वेळा ३,००० किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला, हळूहळू निघतो.

ऑइल किती खातंय ते मोजल्याशिवाय बोलू नका. सपाट जागेवर, सकाळी, वरच्या खुणेपर्यंत भरून १,००० किलोमीटर चालवा आणि पुन्हा वरच्या खुणेपर्यंत यायला किती लागतं ते मापानं बघा. पाव लिटरच्या आत असेल तर डिकीत एक बाटली ठेवून चालवत राहा. अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं तर आधी टर्बो तपासा, पिस्टनच्या रिंगांचा विषय नंतर.

चेन

चेन आहे म्हणजे आयुष्यभर बघायला नको, हा समज कंपन्यांच्या जाहिरातींतून आला आणि तो या इंजिनाला सगळ्यात महाग पडला. एकपदरी, बारीक चेन आहे. काजळीचं ऑइल तिच्या पिना घासतं, चेन लांबते, टेन्शनर बाहेर येत जातो आणि शेवटी त्याची हद्द संपते. मग एखाद्या थंड सकाळी चेन एक दात उडी मारते. उडाली की रोलर असलेले रॉकर तुटतात. तेवढ्यावर निभावलं तर नशीब. नाहीतर व्हॉल्व्ह वाकतात आणि सिलिंडर हेड उतरवावं लागतं.

आवाजाशिवाय दुसरी खूण म्हणजे थंड असताना लांब सेल्फ मारावा लागणं, तेही बॅटरी आणि डिझेल ठीक असताना. स्कॅनरवर पी००१६ हा कोड आला तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकलाय असा अर्थ. सेन्सर किंवा वायर खराब असली तरी तो येतो, म्हणून कोड एकट्यानं पुरावा नाही. आवाज अधिक कोड, मग मात्र वाट बघायची नाही.

दीड लाखाला ऐकायला सुरुवात करा. ऑइलचा इतिहास माहीत नसलेली, दुसऱ्याकडून घेतलेली गाडी असेल तर दोन लाखांच्या आसपास न विचारता करून टाका. काम सांगताना फक्त चेन म्हणू नका. चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, क्रँक आणि कॅमची चाकं, पुढचं क्रँक ऑइल सील, लिक्विड गॅस्केट असा पूर्ण संच घ्या. जुन्या चाकाच्या घासलेल्या दातांवर नवी चेन बसवली तर तीस-चाळीस हजारांत पुन्हा आवाज सुरू होतो. चेंबर आणि पुढचं कव्हर उतरतंच, तर ऑइलची जाळी धुऊन घ्या आणि कव्हरमध्येच असलेला ऑइल पंप उघडून आत चरे पडलेत का ते बघा.

मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा: कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना आहेत का? नाहीत, मी पांढऱ्या रंगानं खूण करून बसवतो, असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा. लांबलेल्या चेनवर मारलेली खूण मुळातच चुकलेल्या जागेची असते. नवी चेन त्याच चुकीवर बसते. काम झाल्यावर क्रँक पान्यानं हातानं पूर्ण दोन फेरे फिरवून पिना पुन्हा सरळ आत जातात का हे तपासायचं, मगच सेल्फ. गॅस्केट सुकायला पुरेसा वेळ द्या, ऑइल भरा, आणि इंजेक्टरच्या वायरींचे प्लग काढून ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत सेल्फ मारून घ्या. टेन्शनर भरल्याशिवाय इंजिन पेटवायचं नाही.

चेन सैल असल्याची शंका आहे तोवर दोन गोष्टी टाळा. गाडीला धक्का मारून चालू करू नका. ऑइलचा दाब नसताना क्लच सोडल्याचा हिसका थेट चेनवर येतो. आणि चढावर लावताना आधी हँडब्रेक, गाडी त्यावर स्थिरावू द्या, मग गिअर. फक्त गिअरवर सोडलेली गाडी वीतभर मागे सरकली तरी इंजिन उलटं फिरतं आणि सगळा ताण टेन्शनरच्या बाजूला येतो.

याच निमित्तानं आणखी एक. या इंजिनाला टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, नसतं. लिफ्टर हायड्रॉलिक आहेत. बिलावर टॅपेट सेटिंगची ओळ दिसली तर गॅरेजला हे इंजिन माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं त्यानं गृहीत धरलंय.

टर्बो

टर्बो मरतो तो बहुतेक ऑइलच्या उपासानं. खंबाटकी किंवा कसारा चढून वर हॉटेलपाशी गाडी लावताच किल्ली फिरवू नका. मिनिट-दीड मिनिट तसंच चालू राहू द्या. शहरात पार्किंगपर्यंत हळू आलेल्या गाडीला याची गरज नाही. तिथे पाच मिनिटं उभं राहून डिझेल जाळणं ही निव्वळ अंधश्रद्धा.

तपासायला हवेचा होज काढा आणि आतला पंखा बोटानं हलवा. बाजूला अगदी किंचित हलला तर चालतो, पुढे-मागे जराही हलायला नको, आणि पात्यांच्या कडा घराला घासलेल्या नकोत. होजमध्ये ऑइलचा पातळ थर असतोच, कारण इंजिनाची वाफ तिथेच सोडलेली आहे. थेंब जमून ओघळत असतील तर सील गेलं. टर्बो बदलताना त्याचा ऑइल पुरवणारा पाइप नवा घ्या. जुन्या पाइपात जळका गाळ असतो आणि नवा टर्बो त्याच कारणानं जातो.

पिकअप गेला, वर काळा धूर, की टर्बो गेला असं लगेच म्हटलं जातं. त्याआधी हवेचे सगळे रबरी होज हातानं दाबून, वाकवून बघा. खालच्या बाजूला, क्लिपजवळ, बोटभर चीर पडलेली असते आणि जोर दिला तरच उघडते. होजची किंमत टर्बोच्या मानानं काहीच नाही.

सील पूर्ण फाटलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळायला लागतं. पांढरा-निळा धूर, आपोआप वाढणारा आवाज, आणि किल्ली काढली तरी बंद होत नाही. अशा वेळी पायानं ब्रेक गच्च दाबा, हँडब्रेक ओढा, पाचवा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. ऑइल खुणेच्या वर भरलं तरी हा प्रकार होऊ शकतो, म्हणून ‘थोडं जास्त असू द्या’ म्हणणाऱ्याला थांबवा.

इंजेक्टर, डिझेल, ईजीआर

इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वायसर असतो. तो सैल झाला की आतला वायू वर येतो, फस-फस असा आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. लवकर धरलं तर नवा वायसर, बैठक साफ करायचा कटर आणि क्लॅम्पचा नवा बोल्ट एवढ्यात भागतं. वर्षभर दुर्लक्ष केलं तर इंजेक्टर त्या थरात असा रुततो की काढताना हेडच्या आट्यांवर बेततं. इंजेक्टर कधीही काढला की वायसर नवा. जुना तापवून पुन्हा वापरणारे आहेत. अशा बचतीला अर्थ नाही.

चारही इंजेक्टर रिकंडिशन करू असं सांगितलं तर आधी रिटर्नची चाचणी मागा. चार सारख्या पारदर्शक बाटल्या चार इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना लावायच्या आणि इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलला चालवायचं. तीन बाटल्यांत सारखं आणि एकीत दुप्पट, तर दोष त्या एकात. स्वस्तातला ब्ल्यूटूथ स्कॅनर असेल तर गरम इंजिनावर आयडलला रेलचा, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा, दाब साधारण २५० ते ३०० बारच्या दरम्यान स्थिर आहे का ते बघा. पी००८७ म्हणजे दाब कमी. त्यावर पहिला संशयित पंप नाही, डिझेल फिल्टर.

फिल्टर दर २०,००० किलोमीटरला बदला आणि पावसाळ्याच्या आधी-नंतर खालचा स्क्रू सैल करून कपभर डिझेल काचेच्या ग्लासात काढा. पाणी असेल तर दहा मिनिटांत तळाला वेगळं दिसतं. फिल्टर बदलल्यावर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, नसेल तर किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा. हवा असताना सेल्फ मारत बसलं की बॅटरी जाते आणि उच्चदाबाचा पंप कोरडा फिरतो.

ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. त्यात काजळी आणि ऑइलची वाफ मिळून मेणासारखा लगदा होतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला की कमी वेगात गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते. काढायचा, कार्ब क्लीनर आणि जुना टूथब्रश घेऊन धुवायचा, नवं पॅकिंग घालून बसवायचा. ४०-५० हजारांनी एकदा पुरतं. पत्रा घालून तो कायमचा बंद करण्याची फॅशन आहे. त्यानं चेक इंजिनचा दिवा लागतो आणि कायद्यानंही ते चालत नाही. आत जाणारी हवा मोजणारा मास सेन्सर मात्र कार्ब क्लीनरनं धुवू नका, त्याची तार नाजूक असते. त्याचा स्प्रे वेगळा मिळतो.

पाणी आणि तापमान

वॉटर पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो, त्याच पट्ट्यावर आल्टरनेटर आणि एसी. म्हणून चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर ‘घरी जाऊन बघू’ म्हणायचं नाही. पट्टा तुटला असेल तर पाणीही फिरत नाही. बाजूला घ्या, बंद करा, पट्टा बघा. पट्टा ६०,००० ला बदला, त्याच वेळी टेन्शनर आणि आयडलर पुली हातानं फिरवून बघा. खरखर लागली तर त्याही.

कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. बोअरचं पाणी घातलं की रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात आणि मे महिन्यात ते कळतं. रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीला, विशेषतः होजच्या तोंडाशी, या वयात केसासारखी चीर पडते. तिथे पांढरट-हिरवट वाळका डाग दिसला तर एम-सीलनं भागवू नका.

रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी वरचा होज दाबून बघा. मऊ असायला हवा. थंड गाडीतही तो टणक फुगलेला असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय, म्हणजे हेडचं पॅकिंग. उलट, ऑइलच्या झाकणाखाली थंडीत थोडा पांढरा फेस दिसला तर घाबरू नका. छोट्या फेऱ्यांची वाफ असते ती. तासभर महामार्गावर चालवली की जाते.

खालचा खडखडाट

दोन लाखांनंतर सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथे. खडखड ऐकून थेट शॉकअप बदलले जातात आणि आवाज तसाच राहतो. स्वस्तापासून सुरुवात करा. आधी स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड: छोट्या खड्ड्यांत दोन्ही चाकं वेगवेगळी हलली की टकटक. चाक जमिनीवर असताना हातानं धरून हलवा, कळतं. मग लोअर आर्मचे बुश: पहारीनं रेटून बघायचे, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला हलकी सरकणं ही त्यांची खूण. मग स्ट्रटचं, म्हणजे पुढच्या शॉकअप-स्प्रिंगच्या जोडीचं, वरचं माउंट: एकानं स्टीअरिंग पूर्ण फिरवायचं, दुसऱ्यानं स्प्रिंगवर हात ठेवायचा. स्प्रिंग अडकून एकदम उडाल्यासारखी सुटली तर माउंटचं बेअरिंग. शॉकअप शेवटी, आणि तेही ऑइल गळत असेल किंवा गाडी दाबून सोडल्यावर दोन-तीन वेळा झुलत असेल तरच. बदलायचे तर जोडीनं.

लोअर आर्म बदलताना बहुतेक गॅरेजं एक चूक करतात. गाडी जॅकवर, चाक लोंबकळत असताना बुशचे बोल्ट पूर्ण आवळतात. गाडी खाली आली की रबराला कायमचा पीळ बसतो आणि दहा-पंधरा हजारांत ते फाटतं. मग ‘पार्ट डुप्लिकेट निघाला’. बोल्ट हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून सोडायची आणि मग आवळायचे. अलाइनमेंट सर्वांत शेवटी. व्हील नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच, म्हणजे पान्यावर उभं राहून नाही.

स्टीअरिंगमधून बारीक कटकट येत असेल तर रॅकचा बुश किंवा रॅक एंड. रॅकवरचा स्क्रू आवळून आवाज घालवता येतो, पण जरा जास्त आवळला की वळणानंतर स्टीअरिंग आपोआप परत येईनासं होतं. तसं झालं तर त्याच दिवशी परत सैल करून घ्या. चाकातून गुं-गुं आवाज येतो आणि उजवीकडे वळताना वाढतो, तर बहुधा डावं बेअरिंग. वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून उलटं.

इंजिन माउंट बघायला हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही लावून पहिला आणि मग रिव्हर्स टाकून क्लच हलका सोडा, बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्यानं बाजूनं बघायचं. इंजिन उडी मारत असेल तर माउंट. केबिनमधली आयडलची थरथर निम्म्या वेळा तिथूनच येते.

ब्रेकचं थोडक्यात. पुढचे पॅड ३ मिलिमीटरला आले की बदला, डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तिच्याखाली लेथवर घेऊ नका. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर दोन-अडीच लाखांत गळायला लागतात, ते रबरी टोपी किंचित उचलून बघितल्यावरच दिसतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आपल्या पावसाळ्यात जरा जास्तच. दोन वर्षांनी पूर्ण बदला. आंबा घाट उतरताना पेडल मऊ पडणं त्याचंच लक्षण. एसीचा गॅस ‘संपत’ नाही, गळतो. दरवर्षी टॉप-अप करणाऱ्यानं गळती शोधलेली नाही. समोरचा कंडेन्सर आधी बघायला सांगा, डॅशबोर्ड उघडून बघावा लागणारा कूलिंग कॉइल नंतर.

पत्रा आणि पार्ट

इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेला पत्रा नाही. रत्नागिरी, मालवण, पणजीकडच्या गाड्यांना हा धोका घाटावरच्यांपेक्षा फार जास्त. दरवाजांच्या आणि दाराखालच्या सिलच्या बुडाशी पाणी जायला छोटी भोकं असतात, चिखलानं बुजतात. बारीक तार घालून मोकळी करा. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साचली की पाणी केबिनमध्ये उतरतं. समुद्रावरून आल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्यानं धुवा. गंज खरवडून, प्रायमर लावून मगच अंडरकोटिंग. गंजावर थेट मारलेलं काळं कोटिंग आतल्या आत पत्रा खात राहतं. रस्त्यावरच्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग चर्चा हेडची नाही, अर्ध्या इंजिनाची.

चेन, टेन्शनर, ऑइल सील, इंजेक्टरचे वायसर, वॉटर पंप आणि ब्रेकचं सगळं कंपनीचं किंवा नावाजलेल्या उत्पादकाचं घ्या. आरसे, हँडल, काच फिरवायची मोटर, दिवे यांना पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड पुरेसा आहे. लिनिया किंवा मांझाच्या याच इंजिनाचे आतले बरेच भाग चालतात, पण पार्ट नंबर जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेरची जोडणी आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वेगळे आहेत.

पंधराव्या वर्षी

पहिल्या डिझायर आता १५ वर्षं ओलांडून गेल्यात. नोंदणीची मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरायचा, कारचं शुल्क ५,००० रुपये, उशीर झाला तर महिन्याला ५०० जास्त. सोबत महाराष्ट्राचा पर्यावरण कर. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. तपासणीला जाण्याआधी हेडलाइट, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट, टायर आणि एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरच्या पाट्या, बघून घ्या. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसली तरी सहा-सात वर्षांपुढचा टायर महामार्गाला वापरू नये.

पीयूसीसुद्धा नवी लागते. धुराच्या चाचणीत उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर काही वेळा पूर्ण दाबून सोडतात. सैल चेनला याहून वाईट काही नाही. सकाळचा खळखळाट ऐकू येत असेल तर चेनचं काम आधी उरका, नव्या ऑइलवर चार-पाचशे किलोमीटर चालवा, एअर फिल्टर बदला, ईजीआर धुवा. चाचणीच्या दिवशी वीस मिनिटं महामार्गावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जरा ओढून तापवा आणि गरम इंजिनानंच पीयूसीच्या रांगेत लावा.